हत्ती तिरका चालतो तेव्हा

मायक्रोसॉफ्ट वर्डमधली फाँटची यादी उघडून 'ई'पर्यंत खाली उतरलं, की एडवर्डियन स्क्रिप्टच्या नाजूक वळणांखाली एक नाव येतं: एलिफंट. एखादा इंग्रजी शब्द लिहून त्याला हा फाँट लावला, की अक्षरं अंगानं भरतात. उभ्या रेघा जाडजूड होतात, आडव्या मात्र केसाएवढ्या राहतात. ओळीत पांढरं कमी, काळं जास्त. यानंतर इटॅलिकचं बटण दाबून बघा. अक्षरं नुसती कलत नाहीत, ती स्वभावच बदलतात. स्मॉल 'ए'च्या डोक्यावरचं छप्पर जातं आणि त्याची गोल पोटाची, हातानं लिहिल्यासारखी आकृती होते. 'एन' आणि 'एम'च्या पायाखालच्या आडव्या पट्ट्या गळून पडतात, तिथे वर उचललेल्या बारीक शेपट्या येतात. 'एफ' ओळीच्या खाली उतरतो. बुद्धिबळात हत्ती सरळ चालतो, तिरकं जाणं हे उंटाचं काम. इथे पटावरचं हे जड मोहरं तिरकं धावतं, आणि त्याला ते शोभतं.

हा फाँट मॅथ्यू कार्टर यांचा, १९९२चा. ज्यांच्या जॉर्जिया आणि व्हर्डाना या अक्षरांतून आपण सगळ्यांनी इंटरनेटवर मैलोगणती मजकूर वाचला, तेच हे कार्टर. एकोणिसाव्या वर्षाच्या आतबाहेर असताना ते हॉलंडमधल्या हार्लेमला, एन्शेडे या जुन्या छापखान्यात जाऊन पोलादी ठसे हातानं कोरायला शिकले. एलिफंटची अक्षरं त्यांनी लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्स यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या जाड खिळ्यांवरून, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांवरून, काढली. पुढे १९९८मध्ये त्याच कामाला 'बिग फिगिन्स' असं नाव देऊन त्यांनी मूळ कारागिराचं ऋण उघड मान्य केलं. मला हे फार आवडतं. अक्षरांच्या जगात नावं फार लवकर पुसली जातात.

ठळक, तिरपं आणि सेरिफ म्हणजे टोकांना पट्ट्या असलेलं अक्षर आज आपल्याला एकसंध वाटतं. ठळकचं बटण आणि तिरप्याचं बटण शेजारीशेजारी असतात, दोन्ही दाबली की काम झालं. पण या दोन गुणांचे जन्म तीनशे वर्षांच्या अंतरानं झाले आणि त्यांची कामं एकमेकांच्या अगदी उलट होती. या अक्षराचा स्वभाव कळायचा तर आधी ते अंतर कळायला हवं.

तिरपं अक्षर व्हेनिसचं. १५०१ साली अल्दुस मानुतिउस या मुद्रकानं व्हर्जिलच्या कविता हातात मावतील एवढ्या छोट्या पुस्तकात छापल्या. अक्षरं कोरली होती बोलोन्याच्या फ्रान्चेस्को ग्रिफोनं. इटलीतले विद्वान भरभर लिहिताना जे वळण वापरत, त्यालाच त्यानं धातूत उतरवलं. पूर्ण पुस्तक त्याच अक्षरात होतं. म्हणजे तिरपं अक्षर तेव्हा जोर देण्यासाठी नव्हतंच, ते सलग वाचण्यासाठी होतं: बारीक, दाटीवाटीनं बसणारं, एकट्यानं कोपऱ्यात बसून वाचणाऱ्यासाठी. कॅपिटल अक्षरं तर सरळ उभीच ठेवलेली होती. त्यांना कलतं करायचं पुढच्या लोकांना सुचलं.

ग्रिफोची गोष्ट मात्र मनाला लागते. अल्दुसनं त्या पहिल्या पुस्तकात त्याच्या हाताची स्तुती करणारी छोटीशी कविता छापली, पण अक्षरावरचा हक्क व्हेनिसच्या सरकारकडून स्वतःच्या नावावर घेतला. ग्रिफो निघून गेला. १५०३मध्ये फानो गावच्या सोन्चिनो या मुद्रकानं आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलं, की या अक्षराचा खरा कर्ता फ्रान्चेस्को आहे, श्रेय दुसऱ्यानं घेतलं. आज जगात कुणीही तिरपा शब्द टाइप करतो तेव्हा ग्रिफोच्या हाताची काही ना काही आठवण त्यात उरलेली असते. त्याचं नाव किती जणांना माहीत आहे?

सोळाव्या शतकाच्या मध्यापासून तिरपं अक्षर हळूहळू सरळ अक्षराचं मदतनीस झालं. ग्रंथाचं नाव, परकी शब्द, प्रस्तावना, नाटकातल्या रंगसूचना असं हलक्या आवाजातलं काम त्याच्याकडे आलं.

जाड अक्षर आलं ते रस्त्यावरून. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लंडनमध्ये सरकारी लॉटरीची तिकिटं विकायला दलालांची चढाओढ लागली होती आणि भिंती जाहिरातींनी भरून गेल्या होत्या. पुस्तकासाठी घडवलेलं अक्षर भिंतीवर मोठं करून लावलं तरी दुबळंच दिसतं. रॉबर्ट थॉर्न या खिळे ओतणाऱ्या कारागिरानं इटलीतले बोदोनी आणि फ्रान्समधले दिदो यांच्या पद्धतीचं, जाड-बारीक रेघांमधल्या तीव्र फरकाचं अक्षर घेतलं आणि त्यातली जाड रेघ अनावर वाढवली. बारीक रेघ होती तेवढीच ठेवली. मुद्रक त्याला 'फॅट फेस' म्हणू लागले. १८२०मध्ये थॉर्न वारला तेव्हा त्याचा कारखाना विल्यम थॉरोगुड यानं विकत घेतला, आणि त्यासाठीचे पैसे त्याला लॉटरीतच लागले होते असं सांगतात. लॉटरी १८२६मध्ये बंद झाली, अक्षर राहिलं. त्याच सुमारास टॉमस हॅन्सार्ड यांच्यासारख्या जाणत्या मुद्रकांनी या जाड्या अक्षरांवर नापसंती दाखवली होती. पुस्तकाच्या डोळ्यानं पाहिलं तर त्यांचं बरोबरच होतं. पण भिंतीचा डोळा वेगळा असतो.

त्या काळच्या खिळे ओतणाऱ्यांनी जाड सरळ अक्षराबरोबर त्याचं तिरपं भावंडही काढलं, आणि इथे माझ्या मते छपाईच्या इतिहासातला एक अतिशय आनंदाचा अपघात घडला. कुजबुजणाऱ्या अक्षराला त्यांनी बाजारात उभं केलं. हातानं लिहिल्याची लय, शेपट्या, उकार सगळं तसंच ठेवलं आणि त्यावर प्रचंड वजन चढवलं. वजनामुळे ते अक्षर दाबलं जाऊन मरायला हवं होतं. झालं उलटं. जाड सरळ अक्षर थबकून उभं असतं, हुकूम सोडतं. जाड तिरपं अक्षर बोलतं. त्याचा आवाज मोठा असतो, पण त्यात दटावणं नसतं. घरात कुणीतरी चांगली बातमी घेऊन आल्यावर दारातूनच सांगायला लागतं, तो हा आवाज आहे.

हे नुसतं माझं भावुक वर्णन नाही, त्याचं कारण रेघांमध्ये सापडतं. जाड रेघेचं वजन डोळ्याला खाली खेचतं, कल उजवीकडे ढकलतो आणि बारीक रेघ एका जाड रेघेतून पुढच्या जाड रेघेत उडी मारते. त्यामुळे ओळीत ठेका तयार होतो. 'एम' किंवा 'एन' लागोपाठ आले तर हा ठेका अगदी स्पष्ट ऐकू येतो म्हटलं तरी चालेल. त्यात 'सी', 'आर', 'वाय' यांच्या टोकांना जे गोल थेंब असतात ते सम गाठतात. आकडे तर पाहतच राहावेत असे. जाड तिरपा २, ३ आणि ५ हे रोमन लिपीच्या बाजूनं (म्हणजे आपण ज्यांना इंग्रजी आकडे म्हणतो त्या रूपात) मला अक्षरांपेक्षाही देखणे वाटतात. किमतीच्या पाट्यांवर ते इतकी वर्षं टिकले याचं मला नवल वाटत नाही.

पुण्यात बुधवार पेठेतल्या एका बंद पडत आलेल्या छापखान्यात मी अशा अक्षरांचं एक घर पाहिलं होतं. घर म्हणजे खिळ्यांचा लाकडी खाना. इंग्रजी, जाड, तिरपं, बहुधा लग्नपत्रिकांच्या आणि दुकानांच्या कार्डांच्या मथळ्यांसाठी आणलेलं. तिथल्या, खिळे जुळवणाऱ्या जुळारी काकांनी एक 'एफ' उचलून माझ्या तळहातावर ठेवला. त्याचं डोकं आणि शेपूट दोन्ही धातूच्या चौकोनाच्या बाहेर लोंबत होते, कारण तिरपं अक्षर चौकोनात मावत नाही. "हा एफ सगळ्यात आधी जातो बघ," काका म्हणाले. "दाब जरा जास्त बसला, शेजारचा खिळा जरा उंच असला, की मोडलं याचं नाक. म्हणून इटॅलिकची ओळ आम्ही घाईत कधी लावली नाही." मला तोवर वाटायचं, की एवढं जाड अक्षर म्हणजे दणकट. पण त्याचं सौंदर्य ज्या बारीक टोकांत आहे, तीच सगळ्यात नाजूक.

धातूच्या चौकोनाची ही अडचण साधी नव्हती. अमेरिकेत डॅरियस वेल्सनं १८२७मध्ये लाकडाचे खिळे यंत्रानं कापायची युक्ती काढल्यावर भिंतीएवढी अक्षरं स्वस्त झाली. पण तिरप्या अक्षराला चौकोनी ठोकळा मानवतच नाही, दोन अक्षरांमध्ये तिरक्या फटी पडतात. हे दुखणं खरं गेलं ते फोटोटाइपमुळे. १९६० आणि ७०च्या दशकांत अक्षरं फिल्मवर आली, त्यांना अंगच उरलं नाही. न्यूयॉर्कच्या हर्ब लुबालिन यांच्यासारख्या मंडळींनी मग अक्षरं एकमेकांना चिकटवली, एकाची शेपटी दुसऱ्याच्या पोटाखालून नेली. जाड तिरपं सेरिफ अक्षर ज्या मोकळेपणाची वाट पाहत होतं तो त्याला तेव्हा मिळाला. आजही असं शीर्षक लावताना मी अक्षरांमधली जागा आधी कमी करतो. सैल लावलं तर त्याचा ठेका तुटतो.

मधल्या काळात, १९२०च्या दशकात, अमेरिकेत त्याची दोन वेगळी घराणी झाली. एक बोदोनीचं: मॉरिस फुलर बेंटन यांचा १९२८चा अल्ट्रा बोदोनी आणि पाठोपाठ १९२९मध्ये लायनोटाइप कंपनीचा पोस्टर बोदोनी. ही धारदार, चकचकीत, थोडी नाटकी अक्षरं. दुसरं शिकागोच्या ऑस्वाल्ड कूपर यांचं. त्यांचा कूपर ब्लॅक १९२२मध्ये आला, त्याचं तिरपं रूप नंतर. त्यात बारीक रेघ जवळजवळ नाहीच, सगळे कोपरे गोलावलेले. दूरदृष्टीच्या मुद्रकांसाठी आणि त्यांच्या अधू दृष्टीच्या गिऱ्हाइकांसाठी, असं कूपर आपल्या अक्षराबद्दल म्हणत. खाण्याच्या पदार्थांच्या पुड्यांवर, लहान मुलांच्या पुस्तकांवर ते शोभतं. संगीताच्या मैफलीला किंवा नाटकाला मात्र मी बोदोनीच्या घराण्यातलंच अक्षर घेईन. तिथे धार हवी.

वापराबद्दल माझी मतं ठाम आहेत. हे अक्षर दोन-चार शब्दांपुरतं आहे. पूर्ण परिच्छेद त्यात लावला तर पान काळं पडतं आणि वाचणारा दमतो. ते मोठं हवं. लहान आकारात बारीक रेघा वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पिऊन बुजतात, स्वस्त छपाईत तुटतात, आणि मग उरतात नुसते काळे तुकडे. सगळी कॅपिटल अक्षरं त्यात लावू नयेत. त्याचा जीव स्मॉल अक्षरांत आहे, कॅपिटल हे फक्त दार उघडायला. आणि त्याच्या शेजारी दुसरं बोलकं अक्षर ठेवू नये. शेजारी साधं, शांत, सरळ पुस्तकी अक्षर असलं की त्याला ऐकणारा मिळतो. दोन नावांमधलं 'अँड'चं चिन्ह तेवढं यातून घ्यावं आणि बाकी सगळं सरळ ठेवावं, हा तर मुद्रकांचा जुना आवडता डाव आहे. एवढ्याशानं अख्खी पाटी हसरी होते.

आता आपल्याकडचं. वर्डमध्ये मराठी मजकूर मंगल फाँटमध्ये लिहा, हा र. कृ. जोशी यांचा, आणि तेच इटॅलिकचं बटण दाबा. मंगलला तिरपं भावंड नाही. म्हणून संगणक काय करतो, तर सरळ अक्षर एका बाजूनं ओढून कलतं करतो. शिरोरेषा आडवी असल्यामुळे ती जागची हलत नाही आणि तिच्याखालचे काने, दंड सगळे एका बाजूला झुकतात. त्यातही एक जास्तीची खोट आहे. देवनागरीसाठी बोरूचं टोक ज्या बाजूला तिरकं कापतात, रोमनसाठी त्याच्या उलट बाजूला. त्यामुळे आपल्या अक्षरांतला जाडपणा वेगळ्या दिशेनं वाहतो. अक्षर नुसतं ओढलं की हा जाडपणा नको तिथे सुजतो आणि हवा तिथे सुकतो. ठळक अक्षरात हे दुप्पट दिसतं. आमंत्रणपत्रिकांवर, फ्लेक्सवर, दिवाळी अंकांच्या मथळ्यांत ही ओढलेली अक्षरं पाहिली की मला खरंच वाईट वाटतं, कारण कुणीतरी तिथे उत्साह व्यक्त करायला गेलेलं असतं.

आपल्याकडे धावतं अक्षर नव्हतं असं थोडंच आहे! मोडी होती. पानभर शिरोरेषा आधी आखून घ्यायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं तिला लटकवत जायची. बाळबोध, म्हणजे देवनागरी, वाचायला, मोडी भराभर लिहायला. इटलीतल्या विद्वानांचं नेमकं हेच चाललं होतं: ग्रंथाचं अक्षर सरळ, चिठ्ठीपत्राचं धावतं. मोडीचे खिळेही पडले होते. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरी या मिशनऱ्याचा मराठी कोश १८१०मध्ये मोडी अक्षरांत छापला गेला. फरक पुढे पडला. तिकडे धावतं अक्षर सरळ अक्षराच्या घरात राहायला आलं, एकाच ओळीत दोघं नांदू लागले. आपल्याकडे मोडी दप्तरात राहिली आणि बाळबोध छापखान्यात. मराठी पुस्तकात जोर द्यायचा झाला तर ठळक खिळे किंवा अवतरणचिन्हं, तिसरी सोय सहसा नाही. मुंबईच्या जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यानं देवनागरीला जे देखणं, नेटकं रूप दिलं त्याला तोड नाही, पण तेही आसन घालून बसलेलं अक्षर आहे.

ही उणीव आपल्याकडे हातानं भरून काढली. दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर, सिनेमाची पोस्टरं करणारे, आणि सगळ्यांत वर कमल शेडगे. २०२०मध्ये ते गेले. वर्तमानपत्राच्या नाटकांच्या पानावर त्यांनी केलेली नावं ज्यांनी वर्षानुवर्षं पाहिली आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. जाहिरातीचा चौकोन केवढासा, कागद भुरकट, शेजारी आणखी वीस नाटकं. त्यात प्रत्येक नावाचा चेहरा वेगळा असे. विनोदी नाटकाची अक्षरं जाड होऊन कलत, वेलांट्या लांबून पुढच्या अक्षराला टपली मारत, शिरोरेषा वाकत किंवा तुटत. फाँटमध्ये सहसा न सापडणारं ठळक तिरपं देवनागरी त्या पानावर रोज छापून येत होतं. फक्त त्याचा संच नव्हता. नाव नवं, तर अक्षरंही नव्यानं काढायची.

अलीकडे जाड देवनागरी वळणं बरीच आली आहेत. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचा मोदक तर इतका गुबगुबीत आहे, की अक्षराच्या आतली पोकळी एका रेघेएवढीच उरते. (हत्तीच्या नावाचा फाँट तिकडे आणि मोदक इकडे, हा योग जुळून आला याचा मला दर वेळी आनंद होतो.) पण मोदक सरळ बसतो. वजन आलंय, धाव अजून यायची आहे.

गेल्या पावसाळ्यापासून मी अशी काही अक्षरं काढून बघतोय. फाँट करायचा म्हणून नाही, एका बालनाट्य शिबिराच्या पोस्टरपुरती. दोन निर्णय लवकर झाले. पहिला, शिरोरेषा अखंड ठेवायची नाही. ती प्रत्येक अक्षरावर किंचित चढती करायची आणि पुढच्या अक्षराच्या आत घुसवायची, म्हणजे ओळ आपोआप पुढे सरकते. दुसरा, जाड-बारीक फरक बोदोनीएवढा ठेवायचा नाही, कारण देवनागरीत मात्रा, रफार, अनुस्वार वर आणि उकार खाली असतात. तिथे केसाएवढी रेघ आली की ती मुख्य अक्षरापासून तुटल्यासारखी दिसते. 'र', 'ल', 'न', 'त' लगेच धावू लागले, 'ल'ला तर कधीपासून मोकळं व्हायचं होतं असं वाटलं. 'ग' आणि 'श' यांच्या काना आणि पोटातली फट कलल्यावर फाकते. ती कान्याच्या बुडाशी मोडीसारखा उकार घेऊन सांधली. 'ख' अजून जड पडतो. 'ळ' मात्र अडला आहे. दोन्ही वाटोळी जाड केली तर मधली गाठ बुजते, बारीक केली तर शेजारच्या अक्षरांपुढे तो उपाशी दिसतो, आणि तिरका केला की डावं वाटोळं ओळीच्या वर उचललं जातं. शिबिराच्या नावात तो दोनदा येतो. मोडीतला 'ळ' कसा वळतो ते पाहायला जुने कागद काढून ठेवले आहेत. रविवारी बोरू नव्यानं कापून त्याच्यापासूनच सुरुवात करणार आहे.